मेंदूच्या थरांचे दावे आणि रक्ताची साक्ष

समोर काही नसताना माणसाला आकार दिसू शकतो. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येऊ शकतो. अशा वेळी मेंदूतले दृष्टीचे किंवा श्रवणाचे क्षेत्र कामाला लागलेले असते, हे फंक्शनल एमआरआयने वर्षानुवर्षे दाखवले आहे. पण ते क्षेत्र कशामुळे जागे झाले? इंद्रियांकडून आलेल्या संदेशामुळे, की मेंदूच्याच वरच्या केंद्रांनी धाडलेल्या अपेक्षेमुळे? नेहमीच्या स्कॅनवरून हे सांगता येत नाही, कारण दोन्ही वेळी पडद्यावर तोच भाग उजळतो. हा फरक कवटी न उघडता ओळखता येईल, असा दावा गेल्या दीड दशकात बळावत गेला आहे. कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या पदराच्या, वेगवेगळ्या थरांतली हालचाल वेगवेगळी मोजायची, ही त्यामागची कल्पना.

ही कल्पना मला फार मोलाची वाटते आणि तिच्यावर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे. मात्र तो पैसा आणखी मोठे चुंबक आणि आणखी बारीक चित्र यांच्याकडे ज्या सहजतेने ओढला जातो, ती सहजता मला धोक्याची वाटते. थरांचे चित्र काढता येणे वेगळे आणि त्या चित्रावर विश्वास ठेवता येणे वेगळे. मधले अंतर पडताळणीच्या कामानेच कापता येते. ते काम वेळखाऊ आहे, त्यातून मुखपृष्ठावर छापण्याजोगे चित्र निघत नाही आणि म्हणूनच त्याला पैसा देणारा सहज सापडत नाही. निधीची पहिली धार तिथे वळली पाहिजे, हे या लेखातले माझे म्हणणे आहे.

थर इतके मोलाचे का, ते आधी पाहू. कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा घड्या पडलेला सर्वांत बाहेरचा पदर. त्याची जाडी सरासरी अडीच मिलिमीटर. कुठे जेमतेम एक, कुठे चारच्या पुढे. एवढ्याशा जाडीत, बहुतेक भागांत, चेतापेशींचे सहा थर एकावर एक रचलेले असतात. पार्मा येथे वैद्यक शिकणाऱ्या फ्रान्चेस्को जेन्नारीला १७७६ साली गोठवलेल्या मेंदूच्या कापात, मागच्या बाजूला, एक पांढुरकी रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसली होती. प्राथमिक दृष्टिक्षेत्राच्या चौथ्या थरातली ती रेघ आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. पुढे १९०९ मध्ये कॉर्बिनियन ब्रॉडमनने थरांची जाडी आणि पेशींची दाटी पाहून मेंदूचा नकाशा आखला. त्याने क्षेत्रांना दिलेले क्रमांक आजही वापरात आहेत.

पण रचनेपेक्षाही महत्त्वाची आहे ती या थरांमधली वाहतूक. डोळ्यांकडून थॅलॅमसमार्गे (इंद्रियांचे संदेश कॉर्टेक्सकडे पोहोचवणाऱ्या मेंदूतल्या खोल केंद्रामार्गे) येणारे तंतू मुख्यतः चौथ्या थरात संपतात. वरच्या केंद्रांकडून परत येणारे तंतू हा चौथा थर टाळतात आणि त्याच्या वर व खाली पोहोचतात. कॅथलीन रॉकलंड आणि दीपक पंड्या यांनी १९७९ मध्ये माकडांच्या मेंदूत ही मांडणी दाखवली. १९९१ मध्ये डॅनियल फेलमन आणि डेव्हिड व्हॅन एसन यांनी तिच्याच आधारे माकडाच्या तीसहून अधिक दृष्टिक्षेत्रांची उतरंड लावली. बाहेर जाणाऱ्या संदेशांचेही मार्ग ठरलेले आहेत: पाचव्या थरातून मज्जारज्जूकडे आणि मेंदूच्या खोल केंद्रांकडे, सहाव्यातून थॅलॅमसकडे, दुसऱ्या-तिसऱ्यातून मुख्यतः कॉर्टेक्सच्याच इतर भागांकडे. तेव्हा हालचाल कोणत्या थरात झाली हे कळले, तर संदेश कुठून आला असावा याचा अंदाज बांधता येतो. भास होणे म्हणजे वरून येणाऱ्या अपेक्षेला अवाजवी वजन मिळणे, असा एक सिद्धान्त मानसोपचाराच्या क्षेत्रात बराच चर्चेत आहे. जिवंत, बोलत्या माणसात तो तपासायचा तर थर मोजता येण्याला पर्याय नाही.

इथपर्यंत सारे आशादायक आहे. अडचण सुरू होते ती मोजमापापासून.

फंक्शनल एमआरआय चेतापेशींची हालचाल मोजत नाही, रक्त मोजते. ऑक्सिजन असलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगवेगळे वागतात, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये याच फरकाचा उपयोग करून उंदरांच्या मेंदूत रक्तातल्या ऑक्सिजनचे चढउतार टिपले, आणि १९९२ पासून माणसांवर असे स्कॅन होऊ लागले. चेतापेशी कामाला लागल्या की त्या जागी रक्ताचा पुरवठा गरजेपेक्षा जास्त वाढतो, ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते आणि एमआरआयचा संकेत वाढतो. त्याला कळसाला पोहोचायला पाच-सहा सेकंद लागतात.

आता हे रक्त जाते कुठे ते पाहा. कॉर्टेक्सच्या खोल थरांतले वापरलेले रक्त लहान शिरांतून सरळ वर चढते, वाटेत मधल्या आणि वरच्या थरांतले रक्त त्याला मिळत जाते, आणि शेवटी ते मेंदूच्या पृष्ठभागावर पसरलेल्या मोठ्या शिरांत पडते. म्हणजे खालच्या थरात घडलेल्या घटनेचा ठसा रक्ताबरोबर वरच्या थरात पोहोचतो. मुखाशी नदी गढूळ दिसली म्हणून माती तिथलीच आहे असे म्हणता येत नाही, तसेच हे. सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्रेडिएंट-एको पद्धतीने थर मोजले, की संकेत पृष्ठभागाकडे चढत जातो. माणूस चित्र पाहत असो वा बोट हलवत असो, आलेख वरच्याच दिशेला कलतो.

या एका गोष्टीचे परिणाम किती दूर जातात, याची पुरेशी जाणीव व्हायला हवी. एखाद्या प्रयोगात ‘वरचा थर सर्वाधिक सक्रिय’ असे उत्तर आले, तर ते मेंदूने दिलेले उत्तर असेल किंवा शिरांनी दिलेले असेल. आलेख दोन्ही वेळी सारखाच दिसतो. वरच्या थराशी जोडता येईल असा सिद्धान्तही प्रत्येक वेळी हाताशी असतो, कारण वरून येणारी अपेक्षा, लक्ष, स्मृती हे सगळेच काही अंशी वरच्या थरांशी निगडित आहे. सहज मिळणारे उत्तर आणि सहज पटणारे स्पष्टीकरण एकत्र आले, की चूक वर्षानुवर्षे उघडकीला न येता राहू शकते. यात कोणाची लबाडी असण्याची गरज नाही. प्रामाणिक, मेहनती संशोधकही यात फसू शकतो, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

या क्षेत्रातल्या लोकांना ही अडचण ठाऊक नाही, असे अजिबात नाही. ती सर्वांत आधी त्यांनीच मांडली आणि तिच्यावर उपायही त्यांनीच शोधले. हानझांग लू यांनी २००३ मध्ये रक्तातला ऑक्सिजन न मोजता रक्ताचे आकारमान मोजणारी ‘व्हासो’ नावाची पद्धत मांडली. लहान रक्तवाहिन्या फुगतात त्या हालचालीच्या जागेजवळ. पृष्ठभागावरच्या मोठ्या शिरांचे आकारमान त्या मानाने फारसे बदलत नाही. लॉरेन्शियस ह्युबर यांनी ही पद्धत सात टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजण्याचे एकक) यंत्रासाठी घडवली आणि २०१७ मध्ये सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला, जो मला या संपूर्ण क्षेत्रातला सर्वांत शिकवणारा प्रयोग वाटतो. त्यांनी हाताच्या बोटांच्या हालचालीवर लक्ष दिले. बोटे हलवताना प्राथमिक कारक क्षेत्रात, म्हणजे हालचालींचे आदेश देणाऱ्या भागात, वरचे आणि खालचे असे दोन्ही थर जागे होतात, कारण संवेदना व नियोजनाच्या क्षेत्रांकडून वरच्या थरांत संदेश येतात आणि खालच्या थरांतून स्नायूंकडे आदेश जातात. हालचाल नाही, फक्त बोटांना स्पर्श, अशी स्थिती निर्माण केली की खालच्या थरातला प्रतिसाद गळून पडतो आणि वरचा राहतो.

हा प्रयोग मला पटतो तो तुलनेमुळे. त्यात चित्र किती बारीक होते, हा माझ्या लेखी दुय्यम मुद्दा आहे. एकाच माणसाच्या मेंदूच्या एकाच तुकड्यात, त्याच शिरांच्या सोबतीने, काम बदलले आणि थरांचा नमुना बदलला. शिरा दोन्ही वेळी त्याच असताना नमुना बदलला, तर तो बदल नुसत्या शिरांवर ढकलणे अवघड होते. एमिली फिन, ह्युबर, पीटर बँडेटिनी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हीच शिस्त कपाळामागच्या कॉर्टेक्सवर लावली. अक्षरे मनात धरून त्यांची मांडणी बदलत राहण्याच्या काळात वरचे थर अधिक सक्रिय होते, आणि उत्तर देण्यासाठी बटण दाबण्याच्या वेळी खालचे. दोन कामे, दोन थर, परस्परविरुद्ध दिशा. अशा उलटसुलट फरकाची शिरांचा एकतर्फी कल सहजासहजी नक्कल करू शकत नाही. माझ्या मते थरांविषयीच्या कोणत्याही दाव्याची ही किमान अट असावी. एकट्या कामाचा एकटा आलेख, तो कितीही सुबक असो, पुरावा मानला जाऊ नये.

ही अट जाचक वाटेल. ती का हवी, हे दोन गाजलेल्या निष्कर्षांतून कळते. लार्स मुकली आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये लोकांना दृश्ये दाखवली, पण प्रत्येक दृश्याचा एक कोपरा झाकून ठेवला. त्या झाकलेल्या कोपऱ्याशी जुळणाऱ्या दृष्टिक्षेत्रात डोळ्यांकडून काहीच तपशील येत नव्हता, तरीही भोवतालच्या दृश्याची माहिती तिथे सापडली, आणि ती सापडली सर्वांत वरच्या थरात. पुढच्याच वर्षी पीटर कोक आणि सहकाऱ्यांनी कानिझाच्या आकृत्या वापरल्या, ज्यांत न काढलेला त्रिकोण डोळ्यांना दिसतो. त्या आभासी आकाराची खूण त्यांना मिळाली ती खालच्या थरात. दोन्ही ठिकाणी संदेश वरच्या केंद्रांकडून परत आलेला. एकीकडे तो वरच्या थरात सापडतो, दुसरीकडे खालच्या.

दोन्ही बरोबर असू शकतात. परतीचे तंतू वर आणि खाली दोन्हीकडे जातात, आणि दृश्याचा संदर्भ व आकाराचा भास ही वेगळी कामे आहेत. पण विश्लेषणाची पद्धतही वेगळी होती: एका ठिकाणी संकेताच्या नमुन्यातून माहिती वाचली गेली, दुसऱ्या ठिकाणी संकेताची पातळी पाहिली गेली. मग फरक मेंदूचा की पद्धतीचा? हा प्रश्न सोडवण्याचा मार्ग साधा आहे. दोन्ही प्रयोग एकाच माणसांवर, एकाच यंत्रात, दोन्ही पद्धतींनी करायचे. असे प्रयोग महाग नाहीत. पण ‘नवे काय?’ या प्रश्नावर अर्ज अडतात, कारण पडताळणीला नवेपणा नसतो. निधी देणाऱ्या संस्थांनी हा निकष अशा क्षेत्रांपुरता तरी बाजूला ठेवला पाहिजे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. ज्याला आपण थर म्हणतो ते या चित्रांत अजून थर नाहीत. स्कॅनचे चित्र लहान लहान घनांचे बनलेले असते. अडीच मिलिमीटरच्या जाडीत ०.८ मिलिमीटरचे घन बसवले तर तीन बसतात. म्हणून बहुतेक निष्कर्ष वरचा, मधला आणि खालचा अशा तीन पट्ट्यांविषयीचे असतात, सहा थरांविषयीचे नव्हेत. हे तीन तुकडे मिळवण्याची किंमतही मोठी आहे. तीन मिलिमीटरच्या घनाचे आकारमान २७ घन मिलिमीटर असते, ०.८ मिलिमीटरच्या घनाचे जेमतेम अर्धा घन मिलिमीटर. पन्नास पट लहान घनातून पन्नास पट कमी संकेत येतो, आणि गोंधळ मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. श्वासाबरोबर आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर मेंदू किंचित हलतो. डोके अर्धा मिलिमीटर सरकले तरी वरचा थर मधल्यात मिसळतो. त्यात अशा अभ्यासांतल्या माणसांची संख्या बहुधा लहान असते. एवढ्या कमी लोकांवरून थरांच्या कामाविषयी सर्वसाधारण नियम सांगणे म्हणजे उडी मारणे होय.

शिवाय थर मोजण्याआधी डझनभर निर्णय संशोधकाला घ्यावे लागतात. कॉर्टेक्सची आतली आणि बाहेरची सीमा कुठे आखायची, घडीच्या माथ्यावर आणि खाचेत खोली कशी वाटून द्यायची, शिरांचा कल कोणत्या गणिताने वजा करायचा. यांतल्या खोलीच्या प्रश्नाला तर जुना इतिहास आहे. घडी पडली की थरांची जाडी बदलते पण आकारमान जवळपास टिकते, हे सिगफ्रिड बोक यांनी १९२९ मध्येच दाखवले होते, आणि आजची चांगली साधने त्याच तत्त्वावर खोली वाटतात. निर्णय इतके असले की निकालही हलतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासात फंक्शनल एमआरआयची एकच माहिती ७० चमूंना देण्यात आली आणि तेच नऊ प्रश्न विचारण्यात आले. कोणत्याही दोन चमूंची विश्लेषणाची पद्धत एकसारखी नव्हती, आणि अनेक प्रश्नांवर त्यांची उत्तरे वेगवेगळी आली. ती माहिती नेहमीच्या, ढोबळ स्कॅनची होती. थरांच्या स्कॅनमध्ये निर्णय अधिक आणि संकेत कमी, तेव्हा तिथे काय होईल हे वेगळे सांगायला नको. ह्युबर आणि सहकाऱ्यांनी ‘लेनाय’ हे थरांच्या विश्लेषणाचे साधन सर्वांसाठी खुले केले, ही या क्षेत्राची मोठी सेवा आहे. पण साधन खुले आणि मूळ माहिती बंद, असे चालणार नाही. सार्वजनिक पैशावर झालेल्या थरांच्या प्रत्येक अभ्यासाची कच्ची माहिती, सहभागींची ओळख काढून टाकून, इतरांना मिळालीच पाहिजे.

मोजमाप निर्दोष झाले तरी एक प्रश्न उरतो, आणि तो मला सर्वांत खोलवरचा वाटतो. पाचव्या थरातल्या मोठ्या पेशींची शेंड्याकडची शाखा थेट पहिल्या थरापर्यंत जाते आणि तिथे संदेश झेलते. म्हणजे पहिल्या थरात रक्त वाढले, तर तिथे काम करत असलेला भाग पाचव्या थरातल्या पेशीचा असू शकतो. निकोस लोगोथेटिस आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये माकडांत पेशींची वीज थेट टिपणारे इलेक्ट्रोड आणि फंक्शनल एमआरआय एकाच वेळी वापरले. तेव्हा रक्ताचा संकेत पेशींनी बाहेर सोडलेल्या स्पंदांपेक्षा त्या जागी येणाऱ्या संदेशांशी आणि स्थानिक प्रक्रियेशी अधिक जुळला. ‘खालचा थर उजळला, म्हणजे तिथून आदेश निघाला’ हे वाक्य यामुळे डळमळते. कदाचित आदेश निघाला असेल. कदाचित खालच्या थरात संदेश आला असेल आणि पुढे काहीच निघाले नसेल. निष्कर्षात हा फरक लिहायला एक वाक्य पुरते, तरी ते वाक्य सारांशापर्यंत पोहोचता पोहोचता गळते, आणि बातमीत तर ते उरतच नाही.

रक्ताला पूर्ण वळसा घालणारा मार्गही आहे. मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी चेतापेशींच्या विद्युतप्रवाहातून उठणारे चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेर मोजते, तेही हजारांश सेकंदांच्या वेगाने. जेम्स बोनाईटो, गॅरेथ बार्न्स आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक सहभागीच्या डोक्याच्या मापाचा साचा बनवून डोके जवळपास अचल ठेवले, आणि २०१८ मध्ये दाखवले की मेंदूतल्या विद्युतप्रवाहाच्या संथ लयी खालच्या थरांशी आणि वेगवान गॅमा लयी वरच्या थरांशी अधिक जुळतात. प्राण्यांतल्या नोंदींशी हे सुसंगत आहे. त्याच वर्षी डोक्यावर घालता येतील अशा, द्रव हेलियमशिवाय चालणाऱ्या संवेदकांचे काम प्रसिद्ध झाले. संवेदक टाळूच्या अधिक जवळ जातात, संकेत वाढतो. मला या मार्गाकडून मोठी आशा आहे. तरी डोक्याबाहेरच्या क्षेत्रावरून आतला उगम शोधणे हे एकाच उत्तराचे गणित नाही. गृहीतके बदलली की उगम सरकतो. म्हणून हाही मार्ग पडताळणीतून सुटत नाही. त्याचा खरा उपयोग असा, की त्याच्या चुका वेगळ्या जातीच्या आहेत. रक्त आणि चुंबकीय क्षेत्र एकाच थराकडे बोट दाखवत असतील, तर त्या साक्षीला वजन येते.

यावर आक्षेप येतो की प्रत्येक साधन सुरुवातीला ओबडधोबड असते. चुंबक मोठे होत जातील तसे प्रश्न आपोआप मिटतील. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. सात टेस्लाच्या यंत्राला अमेरिकेत २०१७ मध्ये रुग्णांसाठी मान्यता मिळाली. फ्रान्समधल्या साक्ले येथे ११.७ टेस्लाचे १३२ टन वजनाचे चुंबक उभे राहिले आणि २०२४ मध्ये त्याने जिवंत माणसांच्या मेंदूची पहिली चित्रे दाखवली. ही अभियांत्रिकी थक्क करणारी आहे. क्षेत्र वाढले की लहान रक्तवाहिन्यांचा वाटा वाढतो, हेही खरे. पण खालच्या थरातले रक्त वर चढायचे ते चढणारच. शिरांची दिशा कोणतेही चुंबक बदलू शकत नाही. सात टेस्लाचे प्रश्न न सोडवता पुढचे यंत्र उभारले, तर तीच शंका अधिक बारीक चित्रात दिसेल, एवढेच.

घाईची किंमत काय असते, हेही नुकतेच दिसले आहे. रक्ताची वाट न पाहता चेतापेशींची हालचाल थेट, हजारांश सेकंदांत टिपल्याचा दावा दक्षिण कोरियातल्या एका चमूने २०२२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून केला. तो खरा ठरता, तर थरांतून संदेश कसा उतरतो ते पाहता आले असते. जगभरातल्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. इतर चमूंना तो संकेत मिळाला नाही, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासांतून तो मोजणीच्याच पद्धतीतून उद्भवू शकतो असे पुढे आले. विज्ञानाने स्वतःला दुरुस्त केले, हे चांगलेच झाले. पण ते झाले कारण प्रयोग पुन्हा करणे शक्य होते आणि काहींनी त्यासाठी वेळ व पैसा काढला. थरांच्या अभ्यासांत तेवढाच उत्साह पडताळणीसाठी दिसला पाहिजे.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो: थर मोजायचेच तर प्राण्यांत इलेक्ट्रोड आहेत, माणसाकडे जायचेच कशाला? मला हा आक्षेप मान्य नाही. भाषा, वाचन, ऐकू आलेल्या भासाचे वर्णन, एखादी आठवण छळते आहे ही तक्रार, हे सगळे माणसापाशीच आहे. आणि प्राण्यांतले काम हे माणसांतल्या कामाचे साक्षीदार बनू शकते. माकडांत कार्यस्मृतीच्या, म्हणजे एखादी गोष्ट थोडा वेळ मनात धरण्याच्या, वेळी प्राथमिक दृष्टिक्षेत्राचे वरचे आणि खालचे थर जागे राहतात, असे २०१७ मध्ये इलेक्ट्रोडने दाखवले गेले. पुढच्याच वर्षी माणसांत फंक्शनल एमआरआयने तसाच नमुना मिळाला. दोन वेगळ्या जातीचे प्राणी, दोन वेगळी साधने, एकच उत्तर. मला हवी असलेली पडताळणी ती हीच.

प्रयोगशाळेबाहेर मात्र दार बंदच असावे. फंक्शनल एमआरआयने खोटे पकडल्याचा पुरावा अमेरिकेतल्या टेनेसीच्या संघराज्य न्यायालयाने २०१० मध्ये नाकारला आणि वरच्या न्यायालयाने २०१२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. थरांची चित्रे उद्या याच वाटेने येऊ शकतात, आणि ती अधिक मोहक असतील, कारण ‘हे त्याने पाहिले होते की कल्पिले होते’ याचे उत्तर देण्याची भाषा त्यांच्यापाशी आहे. एकट्या माणसाबद्दल, एकट्या घटनेबद्दल असे उत्तर देण्याची क्षमता आजच्या कोणत्याही थर-स्कॅनमध्ये नाही. रुग्णालयातही तेच. मानसिक आजाराने त्रासलेल्या माणसाला थरांचे चित्र दाखवून निदान सांगणे हा त्याच्या असहायतेचा गैरफायदा ठरेल, मग सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

एक जागा मात्र अशी आहे जिथे रुग्णाचे हित आणि पडताळणी यांची गाठ लगेच पडू शकते. अपस्मार असलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांचे झटके औषधांनी आटोक्यात येत नाहीत. त्यांतल्या काहींच्या, विशेषतः मुलांच्या, मेंदूत कॉर्टेक्सचा एखादा तुकडा जन्मापूर्वीच चुकीचा घडलेला असतो आणि तिथे थरांची रचनाच बिघडलेली असते. हा दोष नेहमीच्या एमआरआयमध्ये कधीकधी दिसतच नाही. सात टेस्लाच्या यंत्राने तीन टेस्लात निसटलेले असे काही दोष दाखवले आहेत. शस्त्रक्रियेने तो तुकडा काढता आला तर झटके थांबू शकतात. अशा रुग्णाचे थरांचे स्कॅन शस्त्रक्रियेआधी करता येते. शस्त्रक्रियेच्या वेळी कॉर्टेक्सच्या खोलीत उतरणारे बारीक इलेक्ट्रोड वापरता येतात. शेकडो बिंदूंवर नोंद घेणारे असे इलेक्ट्रोड २०२२ मध्ये माणसांत वापरले गेले आहेत. आणि काढलेला तुकडा नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. रक्त, वीज आणि पेशी, तिन्हींची साक्ष एकाच कॉर्टेक्सच्या एकाच तुकड्यावर. याहून कडक परीक्षा माणसात घेता येणार नाही.

थरांसाठीच्या निधीचा मोठा वाटा पुढची काही वर्षे इथे जावा. अनेक केंद्रांनी एकच पद्धत आधी जाहीर करावी, भाकित आधी नोंदवावे, आणि स्कॅनने सांगितलेला थर चुकला तर तेही तितक्याच ठळकपणे छापावे. अट एकच, आणि ती वाटाघाटीची नाही: जास्तीचे इलेक्ट्रोड, जास्तीची मिनिटे, काढलेल्या ऊतीवरचे जास्तीचे काम, यांतले काय उपचारासाठी आहे आणि काय संशोधनासाठी, हे रुग्णाला किंवा मुलाच्या आईवडिलांना आधी वेगवेगळे करून सांगितले गेले पाहिजे. सांगणारा माणूस शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूतला नसावा. आणि त्यांनी संशोधनाला नकार दिला, तर उपचाराच्या तारखेत, पद्धतीत वा आस्थेत तसूभरही फरक पडता कामा नये.